धोपाटणं थांबलं तेव्हा

म्हसळ्याजवळच्या तलावावर काळा करकोचा उतरलाय असं कळलं, म्हणून पहाटेच निघालो. आमच्याकडं तो क्वचितच दिसतो. पायऱ्यांवर एक म्हातारी कपडे धूत होती. पक्षी उडेल म्हणून मी तिला खुणेनं थांबवलं. तिनं धोपाटणं खाली ठेवलं, ओले हात पदराला पुसले आणि दुर्बीण मागितली. भरल्या तांब्यासारखी ती दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघत राहिली.

"लांबून आलाय?"

"फार लांबून, मावशी. थव्यातून चुकला असेल."

"माजा पोरगा कतारला हाय," ती म्हणाली. "त्याच्याकडं कुनी एवढं निरखून बघत असंल काय?"

दुर्बीण परत देऊन तिनं उरलेले कपडे नुसते हातानं चोळले, आवाज न करता.