दोडका मेला ते मी लपवलं

"जीबीएस," डॉक्टर म्हणाल्या आणि मी पर्समधून वही-पेन काढलं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवल्याची ही सवय. समोरचा महत्त्वाचं काही बोलला की लिहून घ्यायचं. पूर्ण नाव विचारलं. गियाँ-बारे सिंड्रोम. खाली अर्थ लिहिला: शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अशक्तपणा पायांपासून वर चढत जातो. बहुतेक जण बरे होतात, पण वेळ लागतो. 'बहुतेक' या शब्दाखाली मी रेघ मारली. ती वही अजून आहे.

पेशंट माझी मुलगी ऋचा, वय सव्वीस. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते. हा गुण माझ्याकडून आला, असं तिचे बाबा म्हणतात.

आधी तिचं पोट बिघडलं. तीन दिवसांत बरं झालं आणि आम्ही विसरून गेलो. दहाएक दिवसांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. धायरीपासून हिंजवडीपर्यंत बसमध्ये अवघडून बसते, त्याने असेल, असं मीच म्हणाले. मग एका सकाळी तिला जिना उतरता येईना. तुमच्याकडे कोणाला पोट बिघडल्यानंतर मुंग्या आणि अशक्तपणा आला, तर माझ्यासारखं बसवर खापर फोडत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते बघणं. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासणं. मग आयव्हीआयजी सुरू झालं. यात निरोगी माणसांच्या रक्तातले रोगाशी लढणारे घटक सलाईनमधून पाच दिवस देतात. शिवाय रोज सकाळी डॉक्टर तिला एका दमात आकडे म्हणायला लावत. याला सिंगल ब्रेथ काउंट म्हणतात. आकडा कमी झाला की श्वासाचे स्नायू थकत चालले असं समजायचं. पहिल्या दिवशी ती एकतीसपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सव्वीस.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातातून मोबाईल पडला. तिने तो उचलायला सांगितला नाही. छताकडे बघत म्हणाली, "आई, माझा गेम खेळशील? मी सांगते तसं दाब फक्त."

हा गेम दुकानातला नव्हता. एका जुन्या गाजलेल्या गेमच्या वेडापायी चार-पाच चाहत्यांनी फावल्या वेळात बनवून फुकट वाटलेला. गावोगाव हिंडायचं, चित्रविचित्र राक्षस पकडायचे, त्यांना पोसायचं आणि दुसऱ्यांच्या राक्षसांशी लढवायचं. ऋचाने सगळ्यांना तिला न आवडणाऱ्या भाज्यांची नावं दिली होती. खरबरीत कातडीचा दोडका तिचा पहिला आणि लाडका. लांबलचक पडवळ. हिरव्या पिसांचा शेपू. एवढी वर्षं मी या भाज्या करून घालते आहे, तिचं खरं मत मला आत्ता कळलं.

आणि एक नियम होता. गेममध्ये राक्षस लढाईत बेशुद्ध पडला तर औषध देऊन उठवता येतो. पण काही खेळणारे स्वतःवरच बंधन घालून घेतात: बेशुद्ध पडला म्हणजे मेला. त्याला गेममधल्या पेटीत ठेवायचं, परत काढायचं नाही. सगळे मेले की खेळ संपला.

"कोणी तपासतं का हे?" मी विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर मजा आहे."

मला हे पटलं. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे.

पाचव्या दिवशी आकडा सतरावर आला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "आजार अजून वर सरकतोय. पंधराच्या खाली गेली तर आयसीयूत हलवू. व्हेंटिलेटर लागेल, असं धरूनच चाला." व्हेंटिलेटर म्हणजे श्वास देणारं यंत्र, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोलीत आले तेव्हा ऋचाला झोप लागत होती. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं. "ठीक आहे म्हणाल्या," मी म्हणाले.

ती झोपेपर्यंत मी तिच्यासमोर एक लढाई खेळले, जिंकले आणि दोडका एक लेव्हल वर चढला. नंतर हाताला काहीतरी काम हवं म्हणून खेळतच राहिले. लक्ष कुठे होतं देवाला ठाऊक. दोन चुकीची बटणं दाबली आणि दोडका आडवा झाला. मी काय केलं ते सरळ सांगते. गेम तसाच बंद केला आणि त्या दोन्ही लढायांच्या आधी साठवून ठेवलेल्या जागेपासून पुन्हा उघडला. दोडका ठणठणीत उभा होता. कॉपी इतकी सोपी असते, हे एकतीस वर्षांत मला माहीत नव्हतं.

ऋचा उठली. मी मोबाईल तिच्यासमोर धरला. ती थोडा वेळ बघत राहिली.

"मी झोपले तेव्हा दोडका एकतिसाव्या लेव्हलला होता. आता तिसाव्या कसा?"

मी मोबाईल खाली घेतला.

"मेला ना तो?"

"हो."

"आणि डॉक्टर काय म्हणाल्या?"

मी तिची चादर सारखी करायला लागले. सलाईन बदलायला आलेल्या सिस्टर यवतमाळच्या होत्या. त्या वळूनही न बघता म्हणाल्या, "काहून लपवता काकू? पेशंटले सारं समजते."

मी सगळं सांगितलं. आयसीयू, यंत्र, सगळं. सांगताना मी रडले. ऋचा नाही. ती म्हणाली, "दोडक्याला पेटीत ठेव." थोड्या वेळाने म्हणाली, "नळी घालायची वेळ आली तर मला आधी सांग. जाग आल्यावर कळायला नको. खोटं सांगितलंस तर मी कोणाला विचारू? मला उठून बाहेरही जाता येत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहिण्याची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा अकरा झाला. "आज नळी घालणार आहेत," मी तिला सांगितलं. तिने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले, प्रत्येक शब्दाला थांबत, आणि मान हलवली. डॉक्टर मला नंतर म्हणाल्या, "पेशंटची तयारी असली की आमचं काम निम्मं होतं."

ती एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होती. मला सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं आत सोडत. एरवी मी वेटिंग रूममध्ये बसून गेम खेळत असे. शेजारच्या बायका जपमाळ ओढत होत्या. माझ्याकडे त्या कशा बघत ते मी लक्षात ठेवलेलं नाही. आत गेले की दोन्हीकडचे रिपोर्ट द्यायचे. "आज हातात हालचाल नाही. ताप आहे, छातीत इन्फेक्शनची शंका आहे. पडवळ मेला." ती डोळे एकदा मिटायची. एकदा म्हणजे हो किंवा कळलं, दोनदा म्हणजे नाही. पडवळ मेला तेव्हा माझा अंगठा गेम बंद करायच्या बटणावर गेला होता. तो मी उचलला. शेवटी एकटा शेपू उरला, तेव्हा मी खेळणं थांबवलं आणि तिला सांगितलं, "पुढचं तू खेळ." तिने डोळे दोनदा मिटले. तरी मी मोबाईल पर्समध्येच ठेवला.

सुधारणा आली ती उलट्या क्रमाने. आधी मान, मग खांदे, कोपर. बोटं सगळ्यात शेवटी. नळी निघाली, आवाज घोगरा झाला होता. हॉस्पिटलच्या ताटात दोडक्याची भाजी आली ती तिने मुकाट्याने खाल्ली. मला वाईट वाटलं.

घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. दोन महिन्यांनी एका दुपारी तिने मोबाईल मागितला. उशीवर टेकवून ठेवला आणि उजव्या अंगठ्याने खेळायला लागली. शेपू चांगला लढला. मग अंगठा घसरला आणि एक ओळ खालचं बटण दाबलं गेलं. शेपू पडला.

"चुकून दाबलं गेलं," मी म्हणाले. "हे धरायचं नाही."

"धरायचं," ऋचा म्हणाली. आपल्या अंगठ्याकडे बघत तिने विचारलं, "हा पूर्ण येईल?"

हे मी त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारलं होतं. "वर्षभर वाट बघायला सांगितलंय," मी म्हणाले. "थोडं अधूपण कायमचं राहू शकतं, असंही म्हणाल्या."

तिने शेपूला पेटीत ठेवलं. मला माझं बोलणं परत घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना एवढंच सांगते. त्या हॉस्पिटलमधल्या प्रत्येकाचे उपकार माझ्यावर आहेत, पण त्या यवतमाळच्या सिस्टरचे सगळ्यात जास्त. ऋचा आता काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जाते. मी तिच्यापासून काही लपवत नाही, आणि तीही माझ्यापासून लपवत नाही, हे मात्र कधीकधी जड जातं.

शेपू पडला त्याच दुपारी तिने नवा खेळ सुरू केला. पहिला राक्षस मिळाला. गेमने नाव विचारलं.

"अजून न आवडणाऱ्या भाज्या उरल्यात?" मी विचारलं.

"कारलं. ते मी आयसीयूतसुद्धा खाल्लं नसतं."

इंग्रजी पाच अक्षरं होती. तिने पहिलं दाबलं, ते चुकलं, पुसलं, परत दाबलं. माझा हात दोनदा पुढे गेला. मग मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. या गेमला घाई नसते. आपली पाळी असली की तो थांबून राहतो. पाच अक्षरांना तिला सहा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ आम्ही दोघी थांबलो, गेम आणि मी.