हौसाच्या कानातलं पाणी

देव, नवस, अंगात येणं... या सगळ्याची मला पहिल्यापासून शिसारी. भीती नव्हे, शिसारी. त्यामुळे हा मजकूर तुमच्या भुताखेतांच्या सदराला पाठवताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण पांढऱ्या साडीतल्या बायका आणि वडाच्या पारंब्या वाचून वाचून डोकं उठलं, म्हणून लिहायला बसलो. माझ्या हकिकतीत तसली बाई नाही, वड नाही. एक बोकड आहे आणि माझी धाकटी बहीण हौसा.

आम्ही मूळचे महाळुंग्याचे. पिंपरीला औषधांचा कारखाना नवीन निघाला तेव्हा मला तिथे नोकरी लागली, आणि आई व हौसाला घेऊन मी दापोडीत रेल्वेलाइनीजवळ खोली केली. हौसाला लहानपणी सांधेताप आला होता, तो हृदयावर बसला. लग्नाचं वय झालं, पण साधी कळशी उचलली तरी पोरीचे ओठ निळे पडायचे. पुण्यातले डॉक्टर म्हणाले, हृदयातली झडप आकसली आहे, छाती उघडून हृदयात बोट घालून ती मोकळी करावी लागेल. आईने तिथेच दवाखान्याच्या व्हरांड्यात पदर पसरला आणि गावच्या म्हसोबाला बोकड कबूल केला. पोरगी वाचू दे, तुला बोकड देते. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

ऑपरेशन झालं. पण नंतरचं पाहवत नव्हतं. छातीतून निघालेली रबरी नळी, कॉटखाली बाटली, बाटलीत गढूळ तांबडं पाणी. ताप उतरेना. नाडी अशी, की सिस्टर मोजता मोजता थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सर्जनसाहेब म्हणाले, "झडप उत्तम मोकळी झाली आहे. आता हृदयाने साथ दिली पाहिजे. थांबू या."

थांबायला आमच्या तात्यांना सवड नव्हती. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. ऑपरेशन झाल्याचं कळताच गावाहून आले, हौसाकडे धड पाहिलंही नाही, आणि व्हरांड्यात आईला म्हणाले, "पोरगी टेबलावरनं जित्ती उतरली न्हवं? मंग बोकड द्याया पायजे. म्हसोबा खोळंबून ऱ्हात न्हाई."

म्हसोबा कसला खोळंबतोय... यांची जीभ खोळंबली होती. मी म्हटलं, "तात्या, तिला आधी घरी तर येऊ द्या. तिची अवस्था काय आहे बघताय ना?"

"म्हणून तर म्हणतोय, उशीर नगं."

आई रडायला लागली. "जा बाबा तू. घरचा पुरुष हुभा लागतो." बहिणीला तशा अवस्थेत टाकून मला बोकड कापायला जावं लागलं. वाटेत एसटीत तात्या मला सांगत होते, कलेजीला मिरी कशी लावायची ते.

आमच्याकडे रीत अशी आहे. बोकडाला हळदकुंकू वाहायचं, अंगावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. बोकडाने अंग झाडलं की देवाने तो घेतला. नाही झाडलं तर सुरी लावायची नाही, मग दिवस का जाईना. त्या दिवशी पाणी शिंपडलं, पुन्हा शिंपडलं. बोकड ओला गच्च होऊन उभा, ढिम्म. त्याच्या अंगाचा तो उग्र वास उन्हात नुसता भपकत होता. भाऊबंद सावलीला ताटं मांडीवर घेऊन बसलेले. कांदा-खोबरं वाटून तयार, चुली पेटलेल्या. एकाने विचारलं, "हौसी बरी हाय का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत शेजाऱ्याला म्हणाला, "रश्शातली नळी माझी बरं का." मी सरकून बोकडाच्या शेजारी उभा राहिलो.

ऊन डोक्यावर आलं. तात्या उठले, बोकडाजवळ उकिडवे बसले, त्याला गोंजारल्यासारखं केलं, आणि तांब्यातलं हळदीचं पाणी सरळ त्याच्या डाव्या कानात ओतलं. मी शेजारीच उभा होतो म्हणून मला दिसलं. बोकडाने मान झटकली आणि शिंगापासून शेपटापर्यंत सगळं अंग झाडलं.

"घेतला, घेतला..." लोक उठलेच.

मी तात्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "तुम्ही कानात ओतलंत."

"गप ऱ्हा. समद्यांच्या पोटात कावळं वरडत्यात."

पाण्याचा घोट न घेता मी तिथून निघालो. चाकणच्या रस्त्यापर्यंत थुंकत थुंकत चाललो.

दवाखान्यात पोचलो तर आई व्हरांड्यात डोळे पुसत बसलेली. पण आई म्हणाली, "वाचली रं." मी आत गेलो तर सिस्टर रागाने लाल झाली होती. "तुमच्यापैकी आत कोण आलं होतं? पेशंटच्या अंगावर पाणी कुणी टाकलं?"

कोणीच नव्हतं. आईला तर भेटीच्या वेळेशिवाय दाराच्या आत येऊच देत नसत. सिस्टरने जे सांगितलं ते असं: दुपारची जेवणं वाटून झाली आणि हौसाची नाडी हाताला लागेना. तिने डॉक्टरांना हाक मारली. ते यायच्या आत हौसाने, जिला हात उचलायचं बळ नव्हतं त्या पोरीने, मान झटकली आणि कॉट कुरकुरेल इतक्या जोराने सगळं अंग झाडलं. मग एक मोठा श्वास घेतला. नाडी हाताला लागली ती ठणठणीत.

"चादर सगळी ओली, आणि डाव्या कानातून हे आलं," ती म्हणाली. ट्रेमध्ये कापसाचा बोळा होता. पिवळा. मी तो नाकाशी नेला. हळद. आणि हळदीच्या खाली तो बोकडाचा वास. मी मोरीत जाऊन ओकलो.

परत आलो तेव्हा हौसाने डोळे उघडले होते. पुटपुटली, "दादा, तात्यांना म्हणावं, पानी लई गार हुतं."

तिला नवस माहीत नव्हता. तात्या गावाला गेलेत हेही माहीत नव्हतं.

सर्जनसाहेबांना मी बोळा दाखवला. ते म्हणाले, घाम असेल, काही औषधांनी रंग येतो. मी विचारलं, "एकाच कानातून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांना तरी मी काय दोष देऊ...

हौसा आता नळावरून भरला हंडा आणते. मी मात्र अजून तिथेच अडकलो आहे. सर्जनच्या बोटाने वाचली म्हणावं, तर तो कापूस डोळ्यांपुढे येतो. म्हसोबाने वाचवली म्हणावं, तर म्हसोबाने बोकड घेतलाच नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग उरतं कोण? तात्या. आणि त्यांची भूक. यापलीकडे माझी अक्कल चालत नाही, आणि किळस येते ती याचीच.

हौसा घरी आली त्या दिवशी तात्या आले होते. भिंतीला टेकून, पाय पुढे पसरून, दात कोरत बसले होते. आई मला म्हणाली, "तात्यांच्या पाया पड. त्यांनी हुभं ऱ्हाऊन नवस फेडला, म्हणून पोरगी दिसतीय."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. समोर हौसा चहाचा कप घेऊन उभी होती. तिचे ओठ निळे नव्हते.

मी वाकलो, आणि दोन्ही हात तात्यांच्या पायांना लावले.