भाडेकरू घालवणारे घरमालक

भाडेकरूनं आपली खोली लवकरात लवकर सोडावी आणि स्वतःच्या घरात जाऊन पडावं, यासाठी झटणारा घरमालक पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो मारुंजीला आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. भाडं थकलं म्हणून नव्हे, की जास्त भाड्याचा दुसरा आणायचा म्हणूनही नव्हे. माणसानं भाड्यानं राहणं हेच त्यांना मुळात पटत नाही. इमारत बांधून, तिच्यात खोल्या पाडून, त्या सगळ्या भाड्यानं देऊन झाल्यावर त्यांना हे मत सुचलं, हे त्यांचं दुर्दैव. मी सांगोल्याकडचा, हिंजवडीतल्या एका कंपनीत भांडार सांभाळतो. लग्नानंतर बायकोला घेऊन खोली बघायला आलो तेव्हा मालकांनी विचारलं, "किती दिस ऱ्हाणार?" घरमालकाला स्थिर माणूस आवडतो असं ऐकून होतो, म्हणून मी छाती काढून म्हणालो, "आता हलायचा विचारच नाही." मालकांचा चेहरा पडला. बायकोकडे वळून ते हलक्या आवाजात म्हणाले, "मंग सोताचं कदी करायचं, बाई?" आम्ही अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती.

मालकांना आमच्या इमारतीत सगळे 'मालक'च म्हणतात. अंगात पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी आणि गळ्यात दोरीला अडकवलेला मोबाईल. सकाळी जिन्याखालच्या खुर्चीत बसून ते वर्तमानपत्र वाचतात, म्हणजे त्यातल्या घरांच्या जाहिराती वाचतात. निवडणुका, अपघात आणि क्रिकेट त्यांच्या लेखी कागद भरायला घातलेलं असतं. स्वस्त घरांच्या सरकारी सोडतीची जाहिरात आली की मग कुणाची धडगत नाही. एकेक दार वाजवत ते वर येतात. "सोडत निघालीया, उठा!" आंघोळीला गेलेल्या माणसाला न्हाणीच्या दाराबाहेरून उत्पन्नाचा दाखला काढलाय का म्हणून विचारतात. शेजारच्या खोलीत झारखंडचा एक सुतार राहतो, त्यालाही त्यांनी गाठलं. "अर्ज भर ना बाबा, तेरा भी घर होएगा." तो म्हणाला, "चाचा, मैं यहाँ का रहिवासी नहीं हूँ." मालक विचारात पडले. हा माणूस रोज सकाळी त्यांच्याच नळाला बादली लावत होता. "मग रोज रहता किदर है?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सुतारानं भरलेली बादली उचलली आणि तो खोलीत गेला. सोडतीच्या दिवशी मालक सगळ्यांना वर बोलावून मोबाईल मधोमध ठेवतात आणि निकाल लागला की जाहीर करतात, "न्हाई लागलं." त्यानंतर चहा होतो. या चहाला एखाद्या सुतकाची शिस्त असते.

सरकारी घर लागेना म्हणून त्यांनी आमच्यासाठी खाजगी बघायला सुरुवात केली. या भागात नव्या सोसायटीचा फलक लागला की मालक मला गाडी काढायला लावून नमुन्याचा फ्लॅट बघायला जातात. चप्पल बाहेर काढतात, सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारतात आणि मग तिथल्या पलंगावर डोळे मिटून आडवे होतात. घर कळायला त्यात थोडं निजावं लागतं असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांना खरोखरच झोप लागली आणि मागून आलेल्या एका जोडप्याला ते फ्लॅटसोबत मिळतात की काय अशी शंका आली. उठल्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला. "समजा हितं कोन मेलं, तर तिरडी कुटनं काढायची?" माहिती देणारी मुलगी नवीन होती. ती म्हणाली, "सर, आपल्याकडे लिफ्ट आहे ना." मालकांनी लिफ्टमध्ये डोकावून पाहिलं आणि तिला विचारलं, "मला उबं करून नेनार का?" मुलीनं हा मुद्दा वरिष्ठांना कळवते असं सांगितलं. किंमत ऐकल्यावर मालक कधी घासाघीस करत नाहीत. नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि बाहेर आल्यावर उसाचा रस पाजतात.

त्यांची दोन्ही मुलं अशाच एका मोठ्या सोसायटीत राहतात. ती सोसायटी मालकांच्याच भाताच्या खाचरांवर उभी आहे. मालकीणबाई वारल्यानंतर मुलांनी त्यांना तिकडे बोलावलं होतं. सामान घेऊन ते गेलेही, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "बाबा, कहाँ जाना है?" मालकांनी पायाखाली बोट दाखवून सांगितलं, "हितंच." पहारेकऱ्याला हे पटेना. त्यानं वर फोन लावला, सून आंघोळीला होती, फोन कुणी घेतला नाही. मालक अर्धा तास फाटकाबाहेर बसले आणि त्याच रिक्षानं परत आले. त्यावर कुणी हळहळलं तर ते म्हणतात, "त्याची काय चूक हाय? त्यानं भात कुटं बघितलाय?"

विकता विकता त्यांच्याकडे जमिनीचा एकच तुकडा राहिला होता, शेजारच्या नेरे गावात, ओढ्याच्या कडेला. त्याच्या बांधावर चांगुणाबाईची झोपडी होती. ही डोंगरातल्या वाडीवरची कातकरी बाई. नवऱ्याबरोबर भाताच्या लावणीला म्हणून आली आणि नवरा गेल्यावर तिथंच राहिली. लोकांच्या शेतावर मजुरी, उरलेल्या वेळात ओढ्यातले खेकडे. मालकांच्या शेतात तिची उमर गेली होती, आणि तरी ती त्यांच्याशी अशी बोलायची की जणू मालकच तिच्या बांधावर येऊन राहिले आहेत. "आज काय काम न्हाई का तुमाला?" हे तिचं स्वागताचं वाक्य.

एके दिवशी ग्रामपंचायतीतून कळलं की चांगुणाबाईला सरकारी घरकुल मंजूर झालं आहे. मालकांनी इमारतीत पेढे वाटले. सोडतीत इतकी वर्षं कुणाचं काही लागलं नव्हतं. त्यांच्या ओळखीतलं हे पहिलं घर. दुसऱ्याच दिवशी मला रजा टाकायला लावून ते चांगुणाबाईला घेऊन तालुक्याच्या कचेरीत आले. तिथले साहेब तरुण आणि सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि विचारलं, "जागा कुणाच्या नावावर आहे?"

"कुटली जागा?" मालक म्हणाले.

"घर बांधायची. घरकुलाला लाभार्थीच्या नावावर जागा लागते."

"आवो सायेब, तिला काईच न्हाई, म्हून तर घर मिळालंय."

"बरोबर आहे. पण जागा हवी."

"जागा आसती तर ती झोपडीत ऱ्हायली आसती का?"

"तेही बरोबर आहे," साहेब म्हणाले. ते खरंच समजूतदार होते. त्यांनी सगळं बरोबर असल्याचं मान्य केलं आणि घर मात्र जमिनीवरच बांधावं लागतं, असं पुन्हा एकदा सांगितलं. जागा दाखवली नाही तर मंजुरी रद्द होईल, हेही वाईट वाटून सांगितलं. चांगुणाबाई इतका वेळ पंख्याकडे बघत होती. ती उठून म्हणाली, "चला. माजं काम बुडतंय."

परतताना माझ्या गाडीवर आम्ही तिघं होतो, मधे मालक आणि मागे चांगुणाबाई. नेऱ्याला ओढ्याजवळ मालकांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून म्हणाले, "चांगुणे, हितलाच एक गुंठा तुजा. बांध घर."

मला वाटलं आता ही बाई पाया पडेल किंवा निदान डोळ्याला पदर लावेल. तिनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तोंडानं नगं," ती म्हणाली. "उद्या तुमी मरशीला. तुमची पोरं मला घरासकट उचलून वढ्यात टाकतील. कागदावर देयाचा तर द्या, न्हाईतर झोपडी हायेच."

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "हुशार हाय." या शब्दांत जो अभिमान होता तो स्वतःच्या मुलांबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नाही.

ही गोष्ट त्याच आठवड्यात मुलांच्या कानावर गेली. या तुकड्यावर एका बांधकाम व्यावसायिकाचा डोळा होता आणि बोलणी बरीच पुढे गेली होती. दोघंही इमारतीत आले. भांडण वरच्या मजल्यावर झालं, पण आमचं छत पातळ आहे. थोरला बापाला म्हणत होता, "दादा, मधीच तिचं घर आलं तर प्लाट वाकडा हुतो. वाकडा प्लाट कोन घेतंय?"

"नका घिऊ. ऱ्हाऊ द्या वाकडा."

"आमच्या पोरांच्या तोंडचं काढून देताय तुमी."

"तुमच्या पोरांच्या तोंडात लई हाय रं," मालक म्हणाले. "त्यांला आता चावायला शिकवा."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, जिना वाजला आणि थोरल्याची गाडी गेली. संध्याकाळी मालक खाली आले आणि उसनी साखर मागून गेले.  साखर त्यांच्याकडे होती, हे मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी मी आणून दिली होती.

एक गुंठा शेतजमीन देणं हे वाटतं तितकं सोपं नसतं. शेताचे असे बारके तुकडे पाडायला कायद्यानं बंदी आहे. घरकुलासाठी सूट मिळते, पण तिच्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि ही वाट त्या तरुण साहेबांनीच शोधून दिली. मालक कचेरीत खेपा घालू लागले. तिथल्या बाकड्यावर ते इतक्या वेळा बसले की नवीन माणसं त्यांनाच विचारू लागली, आणि मालक मागेपुढे न बघता सांगू लागले. मुतारी कुठं, जेवणाची सुट्टी केव्हा होते, कुठले साहेब चिडके. एका बाईला तर त्यांनी, "तुमचं काम हुनार, मला चेहऱ्यावरनं कळतंय," असं सांगून टाकलं. शेवटी परवानगी आली ती कागदपत्रं पुरी झाली म्हणून, की बाकडं मोकळं व्हावं म्हणून, हे सांगता येत नाही.

गुंठा कागदावर चांगुणाबाईच्या नावानं झाला, बांधकाम सुरू झालं आणि मालक जिन्याखालची खुर्ची उचलून नेऱ्याला घेऊन गेले. सरकार घरकुलाचे पैसे हप्त्यानं देतं. जोतं झालं, भिंती झाल्या, छत घातलं की प्रत्येक वेळी मोबाईलवर फोटो काढून नेतात, आणि फोटोत घरापुढे लाभार्थी उभा असावा लागतो. जोत्याच्या फोटोला अभियंता आला तेव्हा चांगुणाबाई ओढ्यात खेकड्यांच्या मागे होती. आता हा परत कधी यायचा, या काळजीनं मालक स्वतःच टोपी सारखी करून जोत्यापुढे ताठ उभे राहिले. अभियंता म्हणाला, "आजोबा, लाभार्थी महिला आहे." मालक म्हणाले, "तुमी काडा तर. ती आली की लावा तिचा." तसं करता येत नाही असं कळल्यावर त्यांनी ओढ्याकडे तोंड करून अशी हाक मारली की खेकडे कायमचे स्थलांतरित झाले असावेत. चांगुणाबाई गुडघाभर चिखलानिशी आली आणि उभी राहिली. मालकांना बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले, पण पुरेसे नाही. पुढच्या दोन्ही फोटोंनाही असंच झालं. त्यामुळे सरकारदरबारी त्या घराच्या प्रत्येक टप्प्याला लाभार्थी बाईंच्या डाव्या अंगाला सदऱ्याच्या बाहीतलं एक कोपर आहे. त्यावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

घर कसं असावं याबद्दल मालकांची मतं पुष्कळ होती आणि चांगुणाबाईनं त्यांतलं एकही ऐकलं नाही. ते म्हणाले दार पूर्वेला, ती म्हणाली डोंगराकडं. ते म्हणाले आत ओटा घालू, ती म्हणाली चूल भुईवरच. शेवटी मालकांनी गवंड्याला सांगितलं, "तिचं घर हाय, तिला इचारा," आणि हे वाक्य बोलून त्यांना इतकं बरं वाटलं की दिवसभरात ते त्यांनी आणखी कितीतरी वेळा, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हटलं. गृहप्रवेशाला आम्ही इमारतीतले सगळे गेलो. सुतारानं दाराला फुकट कडी बसवून दिली. मालकांनी मुलांना निरोप धाडले होते. धाकटा येऊन रस्त्यावरूनच गाडीत बसल्या बसल्या हात करून गेला. थोरला आला नाही. त्या दिवाळीलाही आला नाही. मालक कुणी न विचारता सांगत, "त्याला काम लई आस्तं."

परवा रविवारी दुपारी वर कुणी दिसेना म्हणून मी नेऱ्याला गेलो. मालक चांगुणाबाईच्या दारात, पायरीवर, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. ती आत चुलीपुढे होती. मला बघून तिनं आवाज खाली आणला.

"ह्यांना जरा समजवा," ती म्हणाली. "रोज येत्यात. रोज भाकर टाकायच्या टायमाला उटून चालायला लागत्यात. जेवा म्हनलं की म्हनत्यात, घरी केलंय. कोन हाय वं घरी करायला?"

 मी खालच्याच मजल्यावर राहतो, आणि मला वरून कधी फोडणीचा वास आल्याचं आठवेना.

बोलण्यानं मालक जागे झाले. टोपी सारखी केली, चपलांत पाय घातले आणि सवयीनं म्हणाले, "निगतो. घरी केलंय."  चांगुणाबाईनं ताटलीत भाकरी ठेवली, खेकड्याचं कालवण वाढलं, पाण्याचा तांब्या भरला आणि ते सगळं पायरीवर त्यांच्यापुढे आणून ठेवलं. मग आत जाऊन आमच्याकडे पाठ करून दुसरी भाकरी थापू लागली.

मालकांनी ताटलीकडे बघितलं. मग त्यांनी पुन्हा चपला काढल्या, नीट एका बाजूला ठेवल्या आणि खाली बसले.

"तुमी व्हा फुडं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "मला वाईच येळ लागंल."