जामसंड्यात बसून बर्फ तोलणारे दादा

अख्ख्या कोकणपट्टीत बर्फाला भ्यायलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. दादांनी जन्मात कधी बर्फ पडताना पाहिला नव्हता. मुंबईत एका आर्किटेक्टच्या कचेरीत ते इमारतींची गणितं करायचे. आईच्या आजारपणात जामसंड्याला परतले तेव्हा कचेरी टपालानं काम पाठवू लागली, आणि ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत हिमाचलातली छपरं कशी कोण जाणे त्यांच्याच वाट्याला आली. मग काय! पडवीत आंब्याच्या पेट्यांवर फळी टाकून, पंच्यानं घाम टिपत दादा बर्फाचं वजन काढत बसायचे. कुठल्या उतारावर किती बर्फ धरायचा हे सांगणारं सरकारी नियमांचं पुस्तक पोथीसारखं फडक्यात बांधलेलं असे. तळेऱ्याला ऐन वैशाखात एका लग्नात अक्षता पडत असताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "भावजी, ह्यो मांडव चार बोटां बर्फात खाली बसतलो."

पुस्तकावर त्यांचा विश्वास होता, पण डोळ्यांचं समाधान होत नव्हतं. देवगडच्या बंदरावरून बर्फाचा चुरा आणून त्यांनी तो उतरत्या पत्र्यावर पसरला, तर एक मासेवाली थांबून म्हणाली, "इंजिनेर, बर्फ घातल्यात, पण बांगडे खंय?" दादा गंभीरपणे म्हणाले, "गो बाय, ह्यो कारखान्याचो बर्फ. आभाळातलो येगळो." किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला वारा वाळू कशी रचतो, हे बघायला तर ते रोज जात. मला म्हणायचे, "बर्फाचीपण तीच खोड. वारो खंय दमता, थंय तो बसता."

हिमाचलातल्या एका डोंगरी शाळेचं काम आलं तेव्हा हे सगळं पणाला लागलं. उंच सभागृह, त्याला चिकटून खाली मुलांचा वर्ग. वरच्या छपरावरचा बर्फ वारा खालच्या छपराच्या कोपऱ्यात आणून टाकणार, म्हणून दादांनी तिथल्या, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या दाट मांडल्या. ठेकेदार म्हणाला, निम्म्या काढा. कचेरीनंही तेच कळवलं. दादा सही करेनात. दादांचं घर त्या कामावर चाललेलं, म्हणून माझ्या बायकोनं मला त्यांना समजवायला धाडलं. मी बँकेतला शहाणा माणूस. म्हटलं, "दादा, सही करून टाका. थंय कोण बघूक येतलो?"

"भावजी," ते म्हणाले, "बर्फ येतलो."

त्यांच्या सहीवाचून काम अडलं, म्हणून शेवटी छप्पर त्यांच्याच मनासारखं झालं, पण कचेरीनं पुढे काम पाठवणं बंद केलं. मी हे आजवर कुणाजवळ बोललो नाही, पण माझं ते वाक्य मला फार दिवस खात होतं. म्हणून पुढल्या हिवाळ्यात दादा "एकदा बघून येवया" म्हणाले तेव्हा मी मुकाट्यानं निघालो.

मफलर, त्यावर कानटोपी, त्यावर माझ्या बायकोची शाल, अशा अवतारात दादा त्या शाळेसमोर उभे राहिले. आणि मी पाहतच राहिलो. सभागृहाचं छप्पर जवळजवळ उघडं होतं. खालच्या छपराच्या कोपऱ्यात मात्र भिंतीला टेकून पुरुषभर बर्फ बसला होता, दादांनी पडवीत घाम टिपत कागदावर काढला होता अगदी तसा, त्याच उतारानं. त्याच्याखाली मुलं मोठ्यानं धडा म्हणत होती. पाहिलं नाही ते या माणसाला दिसलं कसं?

मास्तर बाहेर आले. "किससे मिलना है?"

"किसी से नहीं. छत देखने आया," दादा म्हणाले.

मास्तरांनी गोंधळून वर पाहिलं. "छत को क्या हुआ?"

दादांनी शाल सावरली. "कुछ नहीं हुआ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मास्तरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "काय एक जावक नाय, भावजी."

एवढी मोठी गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.