कुडपणच्या रानात मी दिलेली ओ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. शाळेत प्रार्थनेला डोळे मिटून बसायचे, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत नाही म्हणून? तसंही असेल.

आमचं घर पोलादपूरला. वडील मुंबईत नोकरीला, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो आबाकाकांचा. मी पाचगणीला इंग्रजी शाळेत होते. सुट्टीत घरी आले की फारशी बोलायचे नाही, कारण माझ्या मराठीला सगळे हसत. धोंडूदादाही हसायचा, पण त्याचं हसणं बोचायचं नाही. वर कुडपणला तो आमची जमीन कसायचा. आमची म्हणते आहे, बघा — अजूनही. कुळकायदा आला होता. कसणाऱ्याची जमीन होणार होती.

महाडच्या कचेरीत सुनावणी झाली, तेव्हा माझा चष्मा आणायचा म्हणून मीही बरोबर गेले होते. साहेबांनी विचारलं, जमीन कोण कसतं? धोंडूदादाने आधी काकांकडे बघून हात जोडले. मग म्हणाला, "मी कसतो. माज्या आदी माजा बाप कसायचा."

काका काहीच बोलले नाहीत. परतताना निम्म्या वाटेत त्यांनी बैलगाडी थांबवली, जोखडाची शिवळ, ती लाकडी खुंटी, उपसली आणि डावीकडच्या बैलाच्या तोंडावर ती मारत राहिले. बैल नुसती मान मागे घेत होता. त्याचा डोळा फुटला तेव्हा काकांनी शिवळ परत जागेवर बसवली. म्हणाले, "चला, उशीर झाला." माझ्या नव्या चष्म्यावर रक्ताचे थेंब उडाले होते. मी ते फ्रॉकने पुसले.

हे मुद्दाम सांगते. काकांचं गप्प राहणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

पौषात त्यांनी कुडपणला शिकार ठरवली. मुली कधी शिकारीला जात नाहीत. पण काका म्हणाले, "ही येईल. साहेबांच्या पोरी जातात, मग आपली का नको?" सगळे हसले. काकू तेवढी हसली नाही.

तिथली रीत अशी — हाकारे खालून ओरडत, डबे बडवत रान उठवतात. बंदूकवाला वरच्या अंगाला दडून बसतो. झाडीतून बाहेर पडण्याआधी हाकाऱ्याने थांबायचं आणि कूक द्यायची, म्हणजे लांब हाळी. बंदूक खाली केली असेल, तरच बंदूकवाल्याच्या शेजारच्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर हाकाऱ्याने जागचं हलायचं नाही.

त्या दिवशी काकांच्या शेजारी मी होते.

ओ कशी द्यायची ते सकाळी धोंडूदादानेच शिकवलं. माझ्या घशातून जे काही निघालं ते ऐकून तो पोट धरून हसला. "ही काय ओ हाय गो, मडम? उंदीर चेंगारल्यागत वाटतंय." मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. धा जनांत वळखंन मी."

पहिल्यांदा रान उठवलं तेव्हा एक डुक्कर पडलं. दुसऱ्यांदा धोंडूदादा पडला. काकांची ठासणीची बंदूक, आणि अंतर अंगणाएवढंही नव्हतं. छर्रे गळ्यात आणि जबड्यात घुसले. तो लगेच गेला नाही. गुडघ्यांवर आला, एका हाताने गळा दाबून धरला, दुसऱ्या हाताने माती खरवडत माझ्याकडे सरकला. तोंड उघडत होता. आवाज तोंडातून येतच नव्हता, बोटांमधून येत होता. काका शेजारी उभे राहून बघत होते. मीही बघत होते. बाकीचे धावत आले, तोवर तो पालथा झाला होता.

फौजदार आले. मी सांगितलं — कूक आलीच नाही. मी ओ दिली नाही. झुडूप हललं, काकांना डुक्कर वाटलं. मला कुणी पढवलं होतं का? नाही. काका नुसते समोर उभे होते. फौजदार म्हणाले, "शिकलेली पोर आहे, ती कशाला खोटं बोलेल?" कागद मिटला. धोंड्या कूक न देता बाहेर आला आणि मेला, असं गावात ठरून गेलं. पोरांना ताकीद देतानासुद्धा माणसं त्याचं नाव घेऊ लागली.

रीतीप्रमाणे त्याच्या वाट्याचं डुकराचं मटण काकांनी त्याच्या घरी पाठवलं. त्याच्या बायकोने, येसूवहिनीने, ते आत घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर माशा बसेपर्यंत तसंच पडलं होतं.

पुढे ती एकदा पोलादपूरला आली आणि मागच्या दारी मला गाठलं. "बाय, खरं सांग. त्यानं कूक दिली न्हवती? त्यो झोपंत पन कूक द्यायचा गो." मी मान हलवली. नाही. ती आल्या पावली परत फिरली. मग जमिनीचा नाद सोडून मुंबईला भांडी घासायला गेली.

एवढंच असतं, तर एका भेदरलेल्या पोरीचं खोटं म्हणून मी ते कधीच कुणालातरी सांगून टाकलं असतं. पण एवढंच नाही.

त्याने कूक दिली होती. लांब, स्वच्छ, नेहमीसारखी. मी काकांकडे बघितलं. बंदूक खाली नव्हती. खांद्याला होती, घोडा मागे ओढलेला, बोट चापावर. माझा चष्मा डोळ्यांवर होता, सगळं नीट दिसत होतं. आणि तो बैलही मला आठवला. तेव्हाच आठवला, नंतर नाही. धोंडूदादा झाडीत थांबला होता. मी गप्प बसले असते, तर तो तिथेच थांबला असता.

काका हळूच म्हणाले, "दे, ओ दे."

मी दिली.

माझा आवाज ओळखून तो हसत बाहेर आला.