साडेचार इंच

विल्फ ट्रेलोरच्या अंत्यविधीला दोन शब्द बोला, असं पाद्रीबाबांनी सांगितलं, तेव्हा मर्व्ह पर्डीच्या लक्षात आलं की एकोणीस वर्षं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहूनही आपल्याला या माणसाबद्दल दोनच शब्द माहीत आहेत, आणि त्यातला एक 'सीट' आहे. विल्फचं लग्न झालं होतं की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. दिवाणखान्यातल्या शेकोटीवरच्या फळीवर एका बाईचा फोटो असायचा. बहीण असेल, बायको असेल, नाहीतर चौकटीबरोबर आलेला असेल. मर्व्हने कधी विचारलं नाही, विल्फने कधी सांगितलं नाही. माहीत होतं ते एवढंच, की तो मूनटा गावाकडच्या खाणवाल्या घराण्यातला होता, शनिवारी मांस-बटाट्याची पेस्टी खायचा, आणि अ‍ॅडलेडच्या उत्तरेच्या मोटार कारखान्यात मागच्या सीटच्या खोळी शिवायचा.

मागच्याच. पुढच्या सीटचे लोक वेगळे.

ज्या वर्षी नवी गाडी यायची होती, त्या वर्षी या एका गोष्टीमुळे विल्फला गल्लीत फार मान आला. गाडीचं नाव 'मरिनो' असणार, एवढं पेपरात आलं होतं. वाळवंटात चाचणी घेतानाचा एक फोटोही छापून आला होता, पण त्यात गाडीवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर धूळ. त्या धुळीवरून लोक दिवे चौकोनी की गोल याच्या पैजा लावत. देशात बांधलेली, देशातल्या रस्त्यांसाठी बांधलेली गाडी म्हणजे घरची मुलगी उजवायची असावी तसं सगळ्यांना झालं होतं. पबमध्ये विल्फला कोणी ना कोणी बिअर पाजायचं.

"सांग की विल्फ, कशी आहे?"

विल्फ ग्लास संपवायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "सीट बरी आहे."

यापलीकडे त्याने काही सांगितलं असतं, तर नोकरी गेली असती. कारखान्याने सगळ्यांकडून कागदावर सही घेतली होती: गाडी बाहेर पडेपर्यंत बायकोलासुद्धा काही सांगायचं नाही. विल्फला घरात सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने तो नियम शेजाऱ्यांना लावला. शिवाय, खरं सांगायचं तर, गाडी त्यानेही पाहिली नव्हती. खोळी शिवायची शेड वेगळी, गाड्या जोडायची वेगळी. पण मागच्या सीटची खोळ शिवणाऱ्याला एक गोष्ट कळतेच: तिची लांबी.

इकडे मर्व्हची निराळीच घाई चालली होती. मर्व्ह पाण्याचे मीटर वाचायचा, म्हणजे दिवसाला दोनशे फाटकं. शोरूमवाल्या हॅगर्टीने त्याला शब्द दिला होता, की महिनाअखेरपर्यंत फॉर्मवर सही केलीस आणि जुनी 'वॉरिगल' बदल्यात दिलीस, तर भागातली पहिली मरिनो तुझी. गाडी न बघता सही करायची, पण सगळेच तशी करत होते. दोनशे फाटकांवर सांगायला मिळणार होतं, ते काय थोडं होतं? अडचण एकच. दर रविवारी जुन्या वॉरिगलमध्ये मर्व्ह आणि त्याची बायको बेरिल पुढे, आणि मागे तिघीजणी बसून चर्चला जायच्या: मर्व्हच्या सासूबाई, त्यांची बहीण डल्सीमावशी, आणि बेरिलची अविवाहित बहीण थेल्मा. तिघी खात्यापित्या घरच्या होत्या. त्या मागे बसल्या की वॉरिगलचं नाक आकाशाकडे जायचं. नव्या गाडीत यांचं काय, हा विचार मर्व्हच्या मनात आला नाही. नवी गाडी जुनीपेक्षा मोठी असणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

सही करायच्या तीन आठवडे आधी, शनिवारी, विल्फ कुंपणापाशी आला. तो आपणहून आला, हेच नवल.

"सासूबाई कशा आहेत?"

"मजेत."

"नाही, म्हणजे अंगाने कशा आहेत?"

मर्व्हने पाण्याची नळी खाली ठेवली. "अंगाने म्हणजे?"

"बसतात कशा? सावरून, की ऐसपैस?"

"विल्फ, तुला बरं आहे ना?"

"सहज विचारलं," विल्फ म्हणाला आणि कान लाल करून आत गेला.

पुढच्या शनिवारी त्याने डल्सीमावशी हल्ली फिरायला जातात का, याची चौकशी केली. चालणं चांगलं, म्हणाला. कमरेला फरक पडतो. मग थेल्माबद्दल विचारलं, आणि विचारताना कुंपणाचा पत्रा नखाने खरवडत राहिला.

मर्व्हने हे घरात सांगितलं. बेरिलने हातातली बशी ठेवून दिली.

"तुला काही कळतं का, मर्व्ह?"

"काय?"

"त्याच्या मनात थेल्मा आहे."

"मग तो आईंच्या अंगाची चौकशी कशाला करतो?"

"आई बघून मुलगी करतात, शहाण्या. लाजाळू आहे बिचारा, आडून आडून येतोय."

झालं. विल्फला रविवारच्या चहाचं आमंत्रण गेलं. थेल्माने बावन्नाव्या वर्षी केस सेट करून आणले. विल्फ टाय लावून आला, खुर्चीच्या कडेला बसला, आणि समोर सोफ्यावर ओळीने बसलेल्या तिघींकडे इतका एकटक बघत राहिला, की डल्सीमावशींनी झगा खाली ओढून घेतला. सासूबाईंनी तिसऱ्या लॅमिंग्टन केकला हात घातला, तेव्हा विल्फने बशी हळूच बाजूला सरकवली.

"पाणी घ्या तुम्ही," तो म्हणाला.

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. सत्तर वर्षांत त्यांच्यापुढची बशी कोणी हलवली नव्हती.

मग त्याने खिशातून शिंप्याची टेप काढली आणि सोफ्याची लांबी किती, मोजू का, असं विचारलं. बेरिलने मर्व्हला कोपराने ढोसलं. सोफा मोजतोय म्हणजे घर मांडायचा विचार दिसतोय. थेल्मा लाजून चहा आणायला गेली. विल्फने मोजलं, आकडा बघितला आणि एवढा मोठा उसासा टाकला, की बेरिलला गहिवरून आलं.

निघताना फाटकाशी तो मर्व्हला म्हणाला, "सही केलीस?"

"शुक्रवारी करतोय."

"घाई आहे का?"

"पहिली गाडी म्हटल्यावर घाई नको?"

विल्फने खिशातली टेप चाचपली. "सीट बरी आहे," तो म्हणाला. "पण सीटला काय, माणसंही लागतात."

मर्व्हला वाटलं, हा लग्नाचंच बोलतोय. त्याने विल्फच्या पाठीवर थाप मारली. "हळूहळू सगळं जमेल," तो म्हणाला, आणि शुक्रवारी सही करून आला.

गाडी बाहेर पडायच्या आदल्या आठवड्यात हॅगर्टीने शोरूमच्या सगळ्या काचांना आतून कागद लावले. देशभर हेच. एकाच दिवशी, एकाच वेळी, नऊच्या ठोक्याला सगळीकडचे कागद निघायचे. त्या सकाळी साडेआठलाच शंभरेक माणसं फुटपाथवर उभी होती. मर्व्ह रविवारच्या कोटात, मागे तिघी टोप्या घालून. विल्फ अगदी शेवटी, दिव्याच्या खांबाला टेकून. नऊ वाजले, कागद फाटले, आणि घोळक्यातून एक लांब 'हं' निघाला.

"बुटकी आहे."

"बुटकी नाही, नीटस आहे."

"परदेशी वाटते."

"दिवे चौकोनी आहेत, काढ पैजेचे."

"डिकी मोठी आहे की."

"डिकीत बसणार आहेस?"

मर्व्हला ती फार देखणी वाटली. रंग पिकल्या लिंबाचा, आत नव्या रेक्झिनचा वास. हॅगर्टीने सगळ्यांसमोर दार उघडून धरलं. "पहिलं कुटुंब," तो म्हणाला. "बसा, बाई."

सासूबाई आत गेल्या. डल्सीमावशी गेल्या. थेल्मा अर्धी गेली.

"जरा सरका आई."

"मी दाराला लागलेय."

"मावशी?"

"मी कुठे आहे तेच कळत नाहीये मला."

हॅगर्टीने दार लोटून पाहिलं. मग खांद्याने लोटलं. "बाईंनी जरा श्वास सोडला तर," तो म्हणाला. थेल्माने सोडला. दार मिटेना, आणि थेल्माला तो परत घेताही येईना. घोळक्यातल्या कोणीतरी लोणी लावायचा सल्ला दिला.

मर्व्हने डोकं वर केलं आणि माणसांच्या डोक्यांवरून त्याला विल्फ दिसला. टोपी हातात, चेहरा शरमेने काळवंडलेला. आणि एका क्षणात मर्व्हला सगळं कळलं: सासूबाईंचं अंग, मावशींचं फिरणं, लॅमिंग्टन, सोफा.

विल्फ वाट काढत पुढे आला. त्याने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

"आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "सीट जुनीपेक्षा साडेचार इंच कमी आहे."

"आता सांगतोस?"

"आधी सही केली होती."

"मीपण केलीये, गाढवा."

"तीन आठवडे सांगतच होतो रे," विल्फ म्हणाला. "जेवढं सांगता येतं तेवढं."

मागून बेरिल हळूच म्हणाली, "म्हणजे थेल्माचं काही नाही?" विल्फने थेल्माकडे पाहिलं. तिला दोघेजण बाहेर ओढून काढत होते. "थेल्माबाईंचं काय?" त्याने विचारलं, आणि ते इतकं निरागसपणे, की बेरिलने विषयच सोडला. थेल्माने ते फारसं मनावर घेतलं नाही. केस मात्र तेव्हापासून तसेच ठेवले, शोभत होते म्हणून.

मर्व्ह गाडीला हात लावून उभा राहिला. दोनशे फाटकं त्याच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेली. मग त्याने फुटपाथवर टोप्या सरळ करत उभ्या असलेल्या तिघींकडे पाहिलं. यातली कोणती घरी ठेवायची, हे सांगायला जाणारा माणूस अजून जन्मायचा होता.

"हॅगर्टी," तो म्हणाला, "माझी जुनी अजून तुझ्या अंगणातच आहे ना?"

कामगारांना गाड्या द्यायच्या कारखान्याच्या यादीत विल्फचा नंबर चार महिन्यांनी होता. हॅगर्टीने फॉर्मवरचं मर्व्हचं नाव खोडलं आणि विल्फचं घातलं. मर्व्ह आपली वॉरिगल परत घेऊन आला, आणि भागातली पहिली मरिनो त्याच्या नाही, शेजारच्या दारात उभी राहिली. हे जरा लागलं त्याला. महिनाभर तो मीटर वाचताना कोणाशी बोलला नाही.

पण पुढच्याच रविवारी सासूबाईंनी वॉरिगलकडे पाठ फिरवली. "मी त्या पिवळीत बसणार," त्या म्हणाल्या. "पुढे. तिथे माझी स्वतःची खुर्ची आहे, कोणाचं कोपर लागत नाही." ज्याने बशी सरकवली, त्याच्याच शेजारी त्या जाऊन बसल्या, आणि पुढची आठ वर्षं दर रविवारी बसत राहिल्या. वाटेत ते दोघं काय बोलायचे, कोण जाणे. मर्व्ह मागच्या गाडीतून बघायचा. बहुतेक काहीच बोलत नसावेत. मागची सीट रिकामीच असायची.

आता अंत्यविधीसाठी दोन शब्द शोधताना मर्व्हला आठवली ती त्या वर्षांतली अशीच एक शनिवारची संध्याकाळ, विल्फ कुंपणाशी आला होता ती.

"उद्या आईंना पाच मिनिटं आधी पाठव. पट्टा लावण्यात वेळ जातो."

"पाठवतो. पेट्रोल आहे का?"

"आहे. काल भरलं."

"बरं मग."

"बरं."