हमीदचाचांचा फ्रेंच म्हातारा

चिखलीत कुलर दुरुस्तीला आणला की हमीदचाचा आधी गिऱ्हाइकाला बसवत आणि फ्रान्सातल्या एका होडी कंपनीचा इतिहास सांगत. कुलर नंतर. कोणी घाई केली तर इतिहास पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. माझं बियाण्यांचं दुकान शेजारीच आणि मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे ती कंपनी मला माझ्या सासुरवाडीपेक्षा जास्त ठाऊक झाली.

चाचांची उमेदीची वर्षं दुबईत त्या कंपनीच्या होड्या दुरुस्त करण्यात गेली होती. कंपनीचं नाव ते दर वेळी वेगळंच उच्चारत, म्हणून मी इथे ते लिहिण्याचं धाडस करत नाही.

"म्हातारा सुतार होता," चाचा कंपनीच्या मूळ मालकाबद्दल सांगत. "कोळ्यायसाठी नावा करे. मंग त्याच्या ध्यानात आलं, कामाचा मानूस एकच नाव जलमभर वापरते. रिकामटेकडा मानूस दर दोन वर्सानं नवी मागते. तवापासून त्यानं हौसेच्याच नावा केल्या." मग लाकूड मागे पडून फायबर येई, पोरं वाटणीवरून भांडत ("तिकडची बी सारखीच हायेत, भाऊ") आणि शेवटी म्हाताऱ्याचा कायदा येई. नावेत एवढासा ऐब दिसला की म्हातारा स्वतः कुऱ्हाड घेऊन ती फोडायचा. "ऐबवाली नाव पान्यात जात नाई," हे वाक्य चाचा इतक्या गंभीरपणे म्हणत की समोरचा शेतकरी उगाचच मान खाली घाली.

एकदा चाची जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा म्हातारा नेमका कुऱ्हाड उचलत होता. ती म्हणाली, "लोकायच्या हौसेच्या नावा पुसण्यात तुमची जवानी गेली. मले कवा बसवता?" तिचं काळीज कमजोर झालंय हे तोवर सगळ्या गल्लीला कळलं होतं. चाचांनी त्या दिवशी डबा उघडला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानामागे होडीचा साचा उभा राहिला.

पहिली होडी त्यांनी स्वतःच फोडली, बुडाच्या फायबरमध्ये हवेचा फुगा राहिला म्हणून. दुसरी का फोडली ते त्यांनाच माहीत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, चाची जिना चढताना मध्येच बसू लागली. मी एकदा चिडून म्हणालो, "चाचा, चाचीला बसायचंय, फ्रेंच म्हाताऱ्याला नाही." ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. माणूस मोठा हट्टी, आणि त्याचा मला मनापासून राग येई.

शेवटी तिसरी होडी टेम्पोत घालून आम्ही खडकपूर्णा धरणावर गेलो. बघ्यांमध्ये एक गावपुढारी होते. होडी म्हटल्यावर उद्घाटन आलंच, आणि उद्घाटन म्हटल्यावर नारळ. "फोडा," चाचा म्हणाले, "पन दगडावर." पुढारी तोवर भाषणाच्या भरात होते. त्यांनी नारळ नेम धरून होडीच्या नाकावरच हाणला. नारळ शाबूत राहिला. होडीच्या रंगावर मात्र केसाएवढी तड्याची रेघ उमटली.

चाचा खाली वाकले, रेघेवरून बोट फिरवलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "चढव वापस. पुढच्या साली आनू."

"वरच्या वर आहे हो, पाणी शिरायचं नाही," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

मागे वळून पाहतो तर चाची बुरखा सावरत होडीत जाऊन बसली होती.

"उतर," चाचा म्हणाले.

"नाई उतरत. फोडाची असन त मले घेऊन फोडा." ती शांतपणे म्हणाली. "माह्यात बी ऐब हाय. डॉक्टरनं फोटू काढून दाखवला तुमाले."

चाचांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि आम्ही होडी पाण्यात ढकलली. तासभर ते वल्हवत राहिले. चाची नुसती पाण्याकडे बघत होती. कशालाच उपयोग नसलेला तो तास तिने पुरेपूर वापरला.

त्या हिवाळ्यात चाची गेली. वर्षभराने चाचांनी दुकान आवरलं आणि ते मलकापूरला मुलीकडे राहायला निघाले. सामान भरणाऱ्या पोरांना ते इतिहास सांगत होते. म्हाताऱ्याने कुऱ्हाड उचलली, आणि तेवढ्यात त्याची बायको नावेत जाऊन बसली. म्हाताऱ्याने कुऱ्हाड फेकून दिली.

"चाचा," मी म्हणालो, "इतकी वर्षं ऐकतोय, ही बायको कधीच नव्हती."

"होती, भाऊ," चाचा म्हणाले. "मीच तिले इचारलं नोतं."